आत्यापुढं गोलगोल चालत नसे

“आत्याचं जरा जास्त हाय, निघून या,” असा सोमवारी सकाळी शेजारच्या शांताकाकूंचा फोन आला आणि आत्या गेली हे मला कळलं. आपल्याकडं ‘गेली’ असं फोनवर कुणी सांगत नाही. साताऱ्याहून सांगलीला एसटीनं जाताना सारखं वाटत होतं, असल्या बोलण्यावर आत्या किती चिडली असती...

सांगलीजवळच्या आमच्या गावातून कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं झालं, की लोक आत्याला सोबत नेत. चौथी शिकलेली बाई, पण डॉक्टरपुढं बिचकायची नाही. एकदा तिथंच जतकडचा एक मेंढपाळ भेटला. डॉक्टर त्याला म्हणाले होते, “आता घरी न्या, आवडेल ते खायला द्या.” बायको बरी झाली असं समजून तो गडी पेढे आणायला निघाला होता! आत्यानं त्याला बाकावर बसवलं. “आवं दादा, डॉक्टरच्या हातात आता काय न्हाई राहिलं. लेकीला मुंबईस्नं आजच बोलवा.” तो लय खवळला, नको ते बोलला. पण लेक आली, आईजवळ चार दिवस राहिली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला आत्या दुष्टच वाटली होती.

यंदा तिच्यावरच वेळ आली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ते तिच्यापुढं माझ्या तोंडातून फुटेना. “ताकद आली की पुढचं बघू म्हणाले,” एवढंच पुटपुटलो. मला वाटलं, आता झाडणार. पण ती नुसतं “बरं” म्हणाली आणि कूस बदलली. आईमागं तिनंच मला वाढवलं होतं, माझं तोंड बघूनच तिला सगळं कळलं असणार.

शेवटच्या भेटीत मी निघालो तेव्हा म्हणाली, “रविवारी ये. त्याच्या पुढं ढकलू नगंस.” याहून स्वच्छ ती काय सांगणार होती? मी चपला घालता घालता “बघतो” म्हणालो. रविवारी मला काहीही काम नव्हतं. तिच्यासमोर पुन्हा खोटं बोलावं लागेल, या भीतीनं मी घरी बसून राहिलो.

दहाव्यानंतर शांताकाकू हळूच म्हणाल्या, “रविवारी सकाळीच तिनं मला खाट फिरवायला लावली. रस्ता दिसला पायजे म्हणाली.”

महिना झाला. खाट अजून दाराकडं तोंड करून आहे. ती सरळ करायला माझा हात धजत नाही.