खलास म्हणाली ती

त्या भूमिकेचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. नाव तरी काय, तर 'रडणारी म्हातारी, क्रमांक दोन'.

ती जिला मिळाली, ती इथे अमेरिकेत, हर्नडनला, माझ्या शेजारच्या घरात राहते. मी तिला मावशी म्हणते, आणि आमचं बोलणं सगळं इंग्रजीत. बगदादमध्ये तिने चाळीस वर्षं रंगभूमी आणि टीव्ही गाजवला. अजूनही अरबी दुकानात गेलो की मटणवाला हात पुसत बाहेर येतो, तिच्या मालिकेतलं वाक्य म्हणून दाखवतो आणि ती तिथल्या तिथे त्याचा उच्चार सुधारते. अशा बाईला इथल्या मालिकेने बोलावलं ते कशाला? मुलगा अतिरेकी निघतो, पोलीस दार फोडतात आणि हिने छाती बडवून ओरडायचं. संवाद एकही नाही. मी विचारलं, ओरडायचं तरी कुठल्या भाषेत? तर म्हणे, कुठल्याही!

मी तणतणले. पुण्यात मीही नाटकं केली आहेत, अपमान कशाला म्हणतात ते मला कळतं. माझी लेक म्हणाली, "इट्स जस्ट अ जॉब, आई." तिलाही चार शब्द सुनावले.

एजंटचा फोन आला तेव्हा मी मावशीकडेच चहा पीत होते. दोघं अरबीत बोलत होते, मला ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी ती ठासून म्हणाली, "खलास. खलास." आणि फोन ठेवला. हा तर आपलाच शब्द! विषय संपवला हिने! मला भरून आलं. तिला मिठी मारली, घरी येऊन शिरा केला आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की बघा, याला म्हणतात ताठ कणा.

चार दिवसांनी तिने विचारलं, शूटिंगला सोडशील का? सकाळी आठला पोचायचंय. तिच्या अरबीत 'खलास' म्हणजे 'ठरलं' असंही होतं.

ग्रुपवर माझी शोभा झाली ती वेगळीच. सोडायला गेले, पण गाडीत तिला वाट्टेल ते बोलले. एवढी मोठी नटी तू, जनाची नाही तर मनाची तरी! मला बघ. इथे आल्यापासून मंडळाच्या नाटकांत सासू दिली, मोलकरीण दिली, एकदा तर भूत दिलं. सगळ्यांना तोंडावर नाही म्हटलं. असली फालतू कामं मी करत नाही.

तिने शांतपणे विचारलं, "किती वर्षं झाली?"

"बावीस."

"बावीस वर्षं स्टेजवर चढली नाहीस?" आता तीच भडकली. "माझं थिएटर बॉम्बने पडलं, पोरी. तुझं कुणी पाडलं?"

मला इतका राग आला की हायवेवरून उतरायची आमची एक्झिट सुटली. पण तो तिच्यावर काढता येईना.