दोन किटल्या

शाहूपुरीतल्या एका क्लासमध्ये मी बरीच वर्षं गणित शिकवत होते. लग्न होऊन मलकापूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात आले, तेव्हा घरात एक तयार लेक होती, सातवीतली. वारलेल्या आईला ती मम्मी म्हणायची. मला काहीच म्हणत नसे. काम पडलं की नवऱ्याला हाक मारावी तसं "ऐकलंसा काय?" एवढंच. शेजारणी तिला म्हणायच्या, आई म्हण की गं. ती उठून गोठ्यात जायची. मी हसण्यावारी न्यायचे, पण सरळ सांगते, फार लागायचं.

एका संध्याकाळी ती गोठ्याच्या कट्ट्यावर गणितं सोडवत बसली होती. 3x + 5y ची बेरीज तिनं 8xy केली होती. क्लासमधली निम्मी पोरं हेच करायची, म्हणून मी मुकाट्यानं शेजारी बसले. आधी पदं ओळखायला लावली. 3x हे एक, 5y हे दुसरं. अक्षर आणि त्याचा घात सारखा असेल तरच पदं सजातीय, आणि बेरीज त्यांचीच होते, असं सांगितलं. तिच्या कपाळावरची आठी काही हलेना.

समोर डेअरीला घालायच्या दोन किटल्या भरून ठेवल्या होत्या, एकीत गाईचं दूध, दुसरीत म्हशीचं. मी विचारलं, तीन लिटर गाईचं आणि दोन लिटर गाईचं मिळून किती? पाच लिटर गाईचं, ती लगेच म्हणाली. आणि हे गाईचं त्या म्हशीच्यात ओतलं तर?

"डेअरीत घेनार न्हाईत की."

तिनं 8xy खोडलं. मग उत्तर काय लिहायचं, विचारलं. तसंच ठेवायचं, मी म्हटलं. कुणी कुणात मिसळत नाही, कुणाला खोडायचंही नाही. मधे अधिक असतं, दोघं एकाच राशीत राहतात. मी आपली गणिताबद्दलच बोलत होते.

तिनं 3x + 5y तसंच लिहून खाली रेघ ओढली.

"म्हंजे मम्मी ती मम्मीच ऱ्हाईल न्हवं?"

व्हय, मी म्हटलं.

दूध घालायची वेळ झाली होती. तिनं वही मिटली, चपला अडकवल्या, गाईची किटली उचलली. दारापर्यंत गेली आणि मागं न बघताच म्हणाली, "आई, म्हशीची तू घे की."