कर्वेनगरच्या सरांची पाण्याची वाटणी

१९७४ साली मी पंचेचाळीसचा होतो, चौथी नापास होतो, आणि वादात मला हरवील असा माणूस धायरीत जन्मायचा होता. कर्वेनगरात मात्र तो आधीच जन्मला होता. सर कॉलेजात गणित शिकवायचे आणि दर रविवारी भाजीसाठी सायकलवरून माझ्या मळ्यावर यायचे. वाटणी हा शब्द कानावर पडला की त्यांचा चहा गार झालाच समजा. दोघांनी एक भाकरी मोडली तरी विचारणार, "पीठ कुणाचं? सरपण कुणाचं?" एकदा एकाने फणस आणला, सुरी दुसऱ्याची, आणि फोडता यायचा तो तिसऱ्यालाच. कुणावाचून किती अडतं, हे सर लिहीत बसले. कागद भरेपर्यंत फणसाला माश्या लागल्या. "पण वाटणी अशी झाली की कुणी उठून जाणार नाही," म्हणाले, आणि मनापासून हसले.

आमची वाटणी पाण्याची होती. एक विहीर माझी. दुसरी शेजारच्या सखुवहिनीची, पण इतकी खोल की इंजिनाशिवाय थेंब वर येईना. इंजिन तुकारामचं, ते आळीपाळीने दोन्हीकडे चालायचं. तिघांचं मिळून दिवसाला चोवीस वाफे भिजायचे. मी दसऱ्यासाठी झेंडूचे सोळा वाफे लावले आणि सांगून टाकलं, "सोळा माझे. आठात तुम्ही दोघं भागवा."

सरांनी तिघांना बांधावर उभं केलं आणि एकेकाला विहिरीवर बोलावलं. आधी मी, मग तुकाराम, मग वहिनी. मग क्रम बदलून पुन्हा. असं सहा तऱ्हांनी. कोण आल्यावर किती वाफे वाढले ते लिहायचे. मी एकटा मोटेवर सहा, तुकाराम आला की अठरा, वहिनी आल्या की चोवीस. सहाव्या फेरीला वहिनी म्हणाल्या, "मास्तर, हळदीकुंकवाला बी एवढं चालावं लागत न्हाई!"

सरांनी बेरजा केल्या, सहाने भागलं. "आपले दहा, तुकारामांचे दहा, बाईंचे चार."

"त्याचं इंजिन आन् माझी विहीर सारखी?"

"अहो, इंजिनाशिवाय आपण सहा वाफ्यांचे धनी. ते दोघं आपल्याशिवाय बारा भिजवतात. मग आठावर कशाला थांबतील?"

"थांबतील. विहीर माझी हाय."

"आहेच. विहीर कुठं जात नाही. माणसं जातात."

तिसऱ्या दिवशी तुकारामने इंजिन वहिनींच्या विहिरीवर नेलं ते परत आणलंच नाही. माझे दहा वाफे माना टाकू लागले. मी चार दिवस त्या बांधाकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सर आले. आता टोमणा येणार म्हणून मी तयारच होतो. पण त्यांनी आधी भाकरी संपवली, हात धुतले. शेवटी म्हणाले, "एकत्र चोवीस होते. आता तुमचे सहा, त्यांचे बारा. मधले सहा कुणालाच मिळाले नाहीत." मग वाळक्या झेंडूकडे बघत, एरवीपेक्षा हळू आवाजात, "आम्हीही तिघं भाऊ. मी थोरला. सोळा मागणारा मीच. हे गणित मला फार उशिरा आलं." त्या दिवशी सायकलवर न बसता ती हाताने ढकलत गेले. पाठमोरे सर तेव्हा मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला बैल जुंपले, वहिनींच्या विहिरीवर गेलो आणि म्हणालो, "तुकाराम, दहा तुझे. वहिनी, चार तुमचे. चला, इंजिनाला हात लावा."