पुढं ढकललेली बाई

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या घरी येशूचा सिनेमा लावतात. नाताळालाही लावतात. चर्चमधून आल्यावर थोरले दीर टीव्हीला पेनड्राईव्ह जोडतात, सासरे पलंगावर बसतात, आम्ही बायका खाली. लग्न होऊन आल्यापासून हा सिनेमा मी इतक्यांदा बघितला, की खिळे ठोकायच्या आधी कोणता शिपाई हसतो तेही मला पाठ आहे. फक्त एक जागा मी या घरात कधीच बघितली नाही.

ती रक्तस्रावाच्या बाईची जागा. बारा वर्षं तिचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. गर्दीत ती मागून येते आणि येशूच्या झग्याच्या काठाला हात लावते. ती पडद्यावर आली, की सासरे खाकरतात आणि दीर रिमोट उचलतात. "बाया-पोरी बसल्यात," म्हणतात. चित्रं भराभर पळतात, गर्दी मुंग्यांसारखी वळवळते, आणि थांबतं तेव्हा येशू दुसऱ्याच गावात असतो. पुढं खिळे ठोकताना, रक्त वाहताना मात्र कुणी रिमोट उचलत नाही. ते रक्त चालतं.

लहानपणी मी ती जागा पूर्ण बघितली होती. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊ लागले. नाताळात कारखान्याकडच्या चर्चची माणसं आम्ही राहायचो त्या पाचटाच्या कोप्यांवर आली. दोन बैलगाड्यांच्या मधे चादर बांधून त्यांनी हा सिनेमा दाखवला. बाईनं हात लावल्यावर येशू वळून काहीतरी विचारतो. ते पुस्तकी मराठीत होतं, मागं बसलेल्या शेजारणीला कळलं नाही. आईनं तिला सांगितलं, "मला कोण शिवलं, म्हणतोय."

"अगं बया! आता मार खाती ही," शेजारीण म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. 'शिवू नको' हे बायकांना कधी म्हणतात, ते मला तोवर कळायला लागलं होतं. ती बाई थरथरत पुढं आली. मग तिचं तोंड मोठं दिसलं. मार बसणार नाही हे कळल्यावर ते तोंड जसं झालं, ते मला पुन्हा एकदा बघायचं आहे. एवढंच.

पवित्र शास्त्रात, बायबलात, ही गोष्ट आहे. मी बोट ठेवून वाचली आहे. पण तिथं तोंड दिसत नाही. मोबाईल आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, खिशात असतो. मागितला तर कशाला पाहिजे ते सांगावं लागेल, आणि हे मला मालकांनाही सांगता येत नाही.

यंदा उत्तम शुक्रवारी नेमकी माझी अडचण आली. आम्ही ख्रिस्ती, तरी सासूबाईंनी हे पाळणं सोडलेलं नाही. डोकं दुखतं म्हणून सांगायचं आणि चर्चला जायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, उंबऱ्यापाशी वेगळ्या पोत्यावर बसायचं. चर्चच्या पाळकसाहेबांना यातलं काही माहीत नाही. उंबऱ्यावरून टीव्ही तिरका दिसत होता. थोरल्या दिरांशी मी कधी समोरून बोललेले नाही. पण त्या दिवशी सकाळपासून मनात वाक्य जुळवत होते. दादा, तेवढं राहू द्या.

गर्दी आली. सासरे खाकरले. दिरांचा हात रिमोटकडं गेला.

"राहू द्या," मी म्हणाले. दादा म्हणायचं राहूनच गेलं.

"कोण बोललं?" सासऱ्यांनी विचारलं.

सगळे मागं वळले. जाऊबाई हसल्या. "लहानी बोलली. आज तोंड फुटलं बया हिला."

"मी बोलले," मी म्हणाले. कोण बोललं म्हणून विचारलंय, तर आता पुढचंही त्या बाईसारखंच होईल, असं मला क्षणभर वाटलं.

"काय राहू द्या?" दीर म्हणाले.

एवढ्या माणसांपुढं, त्या पोत्यावर बसून, काय ते माझ्या तोंडातून निघेना. "का म्हून पळवता," एवढंच आलं.

"आज त्याच्या मरणाचा दिवस, अन् हिला मधलंच बगायचंय," सासरे म्हणाले. "घे रे पुढं."

मालक जमिनीकडं बघत होते. गर्दी वळवळली आणि येशू दुसऱ्या गावात गेला.

मी परसात जाऊन बसले. राग कुणावर काढायचा कळेना. माझी वेगळी ठेवलेली ताटली स्वच्छ होती, तरी तीच राखेनं घासत राहिले.

सिनेमा संपल्यावर सासूबाई भाकरी घेऊन आल्या. लगेच गेल्या नाहीत. दाराकडं बघून हळूच म्हणाल्या, "त्या बाईचं पुढं काय झालं गं?"

"तुमी न्हाई बगितलं, आत्या?"

"कवा बगू? आदी सीडी हुती, तवाबी पळवायचे."

मी सांगितलं. शिवली, त्यानं विचारलं, ती कापत पुढं आली, त्यानं तिला लेकी म्हणून हाक मारली, ती बरी होऊन घरी गेली. तोंड कसं झालं, ते मात्र मला सांगता आलं नाही.

"शिवल्यावर रागं भरला न्हाई?"

"न्हाई."

"लई बरं झालं बाई तिचं," सासूबाई म्हणाल्या. मग बोट लागू नये म्हणून त्यांनी भाकर वरूनच मी पुढं धरलेल्या ताटलीत टाकली. ती काठावर आपटून मातीत पडली.

"जरा नीट धरावं की," त्या म्हणाल्या आणि दुसरी आणायला आत गेल्या.