अर्धा राहिलेला धडा

सुजाता उभी राहून धडा वाचत होती आणि मागच्या बाकावरच्या तीन पोरी रडायला लागल्या होत्या. मला कारण कळेना. वाचन तर बिनचूक चाललं होतं. फक्त आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा नव्हता. जाड, थकलेला, मधेच कोरडा खोकला. एका ओळीनंतर ती थांबली, जिभेला बोट लावून तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "खिडकीबाहेर काय आहे गं? इकडे लक्ष दे."

"ह्या देशकर बाई आहेत," रडणाऱ्यांपैकी एक म्हणाली.

देशकर बाई गेल्या वर्षापर्यंत तिसरीला शिकवायच्या; त्यांचा आवाज साऱ्या शाळेच्या ओळखीचा होता. मेच्या सुटीत त्या वारल्या आणि त्यांच्या जागी माझी बदली झाली. सत्तरच्या दशकातली नागपूरची शाळा, जूनअखेरचा उकाडा, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा. खोटं कशाला सांगू, मी भ्याले.

मधल्या सुटीत हेडमास्तरांनी बोलावलं.

"ती नापास होऊन तिसरीतच राहिली आहे. त्यात आता हे. दाखला देऊन मोकळे होऊ."

दाखला देणं म्हणजे शाळेतून नाव काढणं. सुजाताला दुसरी शाळा कोण देणार? ती घरीच बसली असती. मी आठ दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी उभी राहून ऐकलं. पुन्हा तोच आवाज. पण पुस्तक उघडं होतं नदीच्या धड्यावर आणि ती म्हणत होती उंटाचा धडा. मी फळ्यावर 'कमळ' लिहिलं. तिला घाम फुटला.

"अक्षरं जाग्यावर राहत नाही, बाई."

"मग धडे कसे येतात?"

"बाईनं वाचले तसे. ऐकून."

"तुझ्या आवाजात म्हण बरं."

तिनं तोंड उघडलं, मिटलं. "माझ्या आवाजात येतच नाही."

हे तिनं इतकं साधेपणानं सांगितलं की मला आवाजापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोळे चांगले, डोकं चांगलं, पण दिसलेलं अक्षर आणि त्याचा उच्चार यांची गाठ पडत नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये हा शब्दही नव्हता.

शनिवारी तिचे वडील आले. मिलमधले कामगार.

"शेजारचे म्हणून राहिले, पोरीच्या अंगात बाई येते, मांत्रिकाकडे न्या. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी मी हे सारं सोडलं, बाई. आता पोरीसाठी परत त्याच दारात जाऊ काय?"

मी त्यांना सुजातासकट हेडमास्तरांसमोर नेलं. चौथीत गेलेल्या मुलांकडून मला एक गोष्ट कळली होती. शेवटचा धडा देशकर बाईंनी अर्धाच वाचला होता. तोच म्हणायला सांगितला.

ती म्हणू लागली. निम्म्यावर आवाजाला धाप लागली. "आज इथंच थांबू. बाकीचा उद्या." हेडमास्तरांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं बाईनं वाचलंच नाही," सुजाता तिच्या बारीक आवाजात म्हणाली.

"सर, देशकर बाईंना हे पुस्तक पाठ होतं ना?"

"अगदी."

"मग त्या असत्या तर पुढचं आलं नसतं का?"

वडिलांनी डोळे पुसले. "म्हणजे हे माह्या पोरीचंच डोकं आहे."

"सहामाहीपर्यंत," हेडमास्तर म्हणाले. "तोवर वाचता आलं नाही तर दाखला."

वडिलांनी परात आणली, कन्हान नदीची वाळू आणली. रोज शाळा सुटल्यावर एक अक्षर. वाळूत बोटानं गिरवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, पण स्वतःच्या आवाजात. दुसरा आवाज आला की वाळू सपाट, पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी एका अक्षराला आठवडा गेला. मी चिडायचे, तीही चिडायची.

सहामाहीला हेडमास्तरांनी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. शेवटचा धडा मी काढून दिला, देशकर बाई थांबल्या होत्या तिथून पुढचा. ओळीवर बोट ठेवून, अडखळत, तिनं चार ओळी वाचल्या. खोकला नव्हता. मला तिथंच रडू आलं.

डिसेंबरात मी तापानं पडले. तिसऱ्या दिवशी बदली शिक्षिका धापा टाकत घरी आली. मला पलंगावर बसलेलं पाहून तिचा जीव भांड्यात पडला. वर्गात सुजातानं कविता म्हटली होती, आणि मधेच माझ्या आवाजात विचारलं होतं, "अक्कल गहाण ठेवलीस का?"

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी वर्गात तोंड सांभाळून बोलले.