देवाचा डोह

मोशीत आमच्या घाटाखालच्या डोहात कुणी जाळं टाकत नसे. मासे तिथं अंडी घालतात, ते वाचले तरच नदीत मासा राहील, म्हणून जुन्या माणसांनी तो देवाचा डोह ठरवला होता. पुढं गावातलीच पोरं कंपनीत लागली, नि सुट्टीच्या दिवशी बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून त्यांनी डोह रिकामा केला. बोटाएवढी पिल्लंसुद्धा सोडली नाहीत हरामखोरांनी. वडील आडवे गेले, तर म्हणाले, “अप्पा, देव काय मासं खातो व्हय?”

आता तिथं कंपन्यांच्या सांडपाण्याचा नुसता फेस तरंगतो. परवा त्याच शहाण्यांनी घाटावर पाटी ठोकली, ‘देवाचा डोह, मासे पकडू नयेत’. नारळ फोडायला बोलावलं वडिलांनाच.

वडिलांनी नारळ खाली ठेवला. “आता राखायचं काय, फेस?”