तलवारीचा एक्का

दार्दो नाहीसा झाल्यापासून भलताच गुणी झाला होता. घरात असताना दहाच्या आत ज्यानं कधी अंथरूण सोडलं नाही, तो आता दरवर्षीच्या स्मृतिदिनाच्या भाषणांत पहाटे उठून कारखान्याच्या दारावर पत्रकं वाटायचा. थोरली बहीण नेलिदा पहिल्या रांगेत बसून ऐकायची. उभा जन्म तिनं बेरिस्सो गावातल्या बायकांचे कपडे शिवले. ठिगळ कुठं लावलंय ते तिला सांगावं लागत नसे.

यंदा घरासमोरच्या फूटपाथवर त्याच्या नावाची फरशी बसत होती. शेजारीपाजारी ओल्या सिमेंटात रंगीत काचा दाबत होते आणि त्याचा जुना सोबती ओस्वाल्दो माईकवर रंगात आला होता. "सैनिकांनी धरलं तेव्हा दार्दोनं दारातून घोषणा दिली! अख्ख्या गल्लीनं ऐकली!"

"डोंबल ऐकली," नेलिदा पुटपुटली. "दारात मी होते."

"दिली गं त्यानं," धाकटा भाऊ इतालो घाईघाईनं म्हणाला. "मी ऐकली ना."

"तू? तू न्हाणीघरात लपला होतास, मेल्या!"

झालं होतं ते असं. रविवारी दुपारी राविओलीचं जेवण हाणून चौघं त्रुकोच्या पत्त्यांचा डाव मांडून बसले होते. एकीकडं बाप आणि इतालो, दुसरीकडं नेलिदा आणि दार्दो. त्रुकोत तोंडानं हव्या तेवढ्या थापा माराव्यात. पण आपल्या भिडूला चेहऱ्यानं खूण करायची ती खरीच. तिथं फसवणाऱ्याशी पुन्हा कुणी खेळत नाही. डाव अर्ध्यात असताना सैनिक घुसले. दार्दोला फरफटत नेलं तेव्हा दारात त्यानं वळून नेलिदाकडं बघितलं आणि दोन्ही भुवया उडवल्या. म्हणजे तलवारीचा एक्का. त्याच्यावर पत्ता नाही.

त्या भुवयांवर ही बाई जगली. दार्दोच्या हातात काहीतरी आहे, तो सुटणार, म्हणून तिनं घर सोडलं नाही, दाराचं कुलूपसुद्धा बदललं नाही. हुकूमशाही गेली, सेनापती म्हातारे होऊन कोर्टात उभे राहिले, तरी कुलूप तेच.

शेवटी तिनं माईक हिसकावलाच. "घोषणाबिषणा काही नाही. भुवया उडवल्या त्यानं, एक्क्याच्या!" आधी लोक हसले, मग हातातल्या काचांकडं बघू लागले. ओस्वाल्दोचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

परत येताना एक रंगीत काच उचलून ती इतालोच्या शेजारी बसली. इतकी वर्षं जिभेवर आलेलं गिळलं होतं, ते आज विचारलं. "टेबलावरचे पत्ते तूच आवरलेस ना रे त्या दिवशी? त्याचे पालथे पडले होते."

"हं."

"एक्का होता ना?"

इतालोला पत्त्यांत कधी थाप पचली नाही. कान लाल व्हायचे त्याचे; बापाचे कितीतरी डाव त्या कानांनी घालवले होते. आत्ता बहिणीकडं बघून त्यानं दोन्ही भुवया उडवल्या. कान लालभडक झाले.

नेलिदानं त्या कानांकडं बघितलं.

"वाटलंच मला, असणार," ती म्हणाली, आणि हातातली काच सिमेंटात दाबायला खाली वाकली.